मिनिटभर श्वास मोजायचे

खोकणारं बाळ आरोग्य केंद्रात आलं की अंगावरचं झबलं वर करून त्याचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे, तेही ते शांत असताना. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त भरले, तर न्यूमोनिया समजून उपचार. प्रशिक्षणात हे सगळ्यांना येतं. प्रत्यक्षात बाहेर रांग, बाळ रडतंय, आई घाईत. मग पंधरा सेकंद मोजून चाराने गुणलं जातं. (तान्ह्याचा श्वास एकसारखा नसतो, तिथेच हा गुणाकार फसतो.) जुलाबातही तेच: ओआरएसचं पाकीट मिळतं, झिंक १४ दिवस द्यायचं हे सांगायचं राहून जातं.

खापर कर्मचाऱ्यावर फोडणं सोपं. आम्हाला ते पटत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात तिथले नवजात मृत्यू, तुलनेतल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी घटलेले दिसले. पण तिथे शिकवून वाऱ्यावर सोडलं नव्हतं. पर्यवेक्षक नियमित येऊन काम तपासत. एरवी पर्यवेक्षक येतात ते रजिस्टर बघायला. त्यांनी एखाद्या बाळाचे श्वास कर्मचाऱ्याशेजारी बसून मोजावेत, एवढी तरतूद दौऱ्याच्या नमुन्यात करायला काय हरकत आहे?