सेंडने किती घेतले, ते आधी बघा



गेल्या अंकातील पत्रात एका वाचकाने ‘डेटा अर्धाच गेला, म्हणजे नेटवर्क खराब’ असा निकाल देऊन टाकला आहे. नेटवर्क बिचारे बहुतेकदा निर्दोष असते. सॉकेटवर डेटा पाठवणारे सेंड हे फंक्शन किती बाइट स्वीकारले तो आकडा परत देते. आपण तो वाचतच नाही. नॉन-ब्लॉकिंग सॉकेटवर कर्नलच्या बफरमध्ये जागा असेल तेवढेच घेतले जाते. 10,000 दिले, 6,000 घेतले, तर उरलेले 4,000 आपल्याच गळ्यात.

सकाळी कुर्ल्याला लोकल मावतील तेवढीच माणसे घेते, बाकीची फलाटावर. पण चढलेल्यांना उतरवून पुन्हा चढवत नाही कोणी! पहिल्या नोकरीत मी नेमके तेच केले. अख्खा बफर पुन्हा पाठवला, आणि पलीकडे बिलावर ग्राहकाचे नाव दीडदा छापून आले.

खरी रीत अशी: पॉइंटर 6,000 ने पुढे सरकवायचा, सॉकेट मोकळा झाल्याचे ‘पोल’ या फंक्शनने कळवले की उरलेलेच द्यायचे. पायथनचे सेंडऑल ब्लॉकिंग सॉकेटवर ही उठाठेव स्वतः करते. मात्र मध्येच अडले तर किती गेले ते सांगत नाही. आणि हो, आकडा पूर्ण आला तरी माल आपल्या कर्नलपर्यंतच गेलेला असतो, पलीकडे पोचलेला नव्हे.

– एक वाचक, कुर्ला (पश्चिम)