पडद्यापलीकडील दृष्टि

‘पडदा’ आणि ‘चादर’ हे दोन्ही शब्द आपल्या भाषेंत फारशींतून आले. आपण पहिला दारावर सोडतों, दुसरी अंथरुणावर घालतों. इराणांत मात्र चादर म्हणजे घराबाहेर पडतांना स्त्रीनें आपादमस्तक पांघरावयाचें वस्त्र. तिचा इतिहास छायाचित्रांतून फार चांगला उलगडतो. म्हणून या वेळीं वाचकभगिनींचें लक्ष तिकडे वेधावयाचें आहे.

इराणचा शहा नासिरुद्दीन (राज्यकाल १८४८ ते १८९६) यास छायाचित्रणाचा मोठा नाद. जनानखान्यांतील बेगमांचीं चित्रें तो स्वतः काढी. परपुरुषास ज्यांचें नखही दिसावयाचें नाहीं, त्या स्त्रिया तेथें आंखूड घागऱ्यांत, उघड्या तोंडानें बसलेल्या दिसतात. पण पाहणारा डोळा एकट्या धन्याचा!

पुढें ८ जानेवारी १९३६ रोजीं रेझा शहानें चादरीस बंदी केली. शिपाई भर रस्त्यांत ती ओढूं लागले, तेव्हां किती तरी वृद्ध स्त्रियांनीं घराबाहेर पडणेंच सोडलें. १९७९ च्या क्रांतीनंतर चक्र उलट फिरलें. त्या वर्षीं ८ मार्चला तेहरानच्या हजारों स्त्रिया सक्तीविरुद्ध रस्त्यावर आल्या. उघड्या केसांनीं घोषणा देणाऱ्या त्या स्त्रियांचीं छायाचित्रें हेंगामे गोलेस्तान या बाईंनीं टिपून ठेविलीं आहेत. तरी १९८३ च्या कायद्यानें डोकें न झांकणारीस ७४ फटक्यांची शिक्षा ठरली. आणि २०२२ सालीं महसा अमिनी ही तरुणी पेहरावावरून पकडली जाऊन पोलिसांच्या ताब्यांत कोसळली व मरण पावली. एकानें वस्त्र ओढलें, दुसऱ्यानें लादलें. स्त्रीस विचारलें कोणींच नाहीं.

१९७४ सालीं तेहरानांत जन्मलेल्या शादी गदीरियान यांनीं १९९८ च्या ‘काजार’ मालिकेंत जुन्या राजवटीचे पोशाख मैत्रिणींस घातले, मागें तसलाच रंगविलेला पडदा लाविला, आणि एकीच्या हातीं शीतपेयाचा डबा दिला, दुसरीजवळ सायकल! प्रथम हसूं येतें. मग त्यांची रोखलेली नजर विसरवत नाहीं. येथें यंत्रामागचा डोळाही स्त्रीचाच आहे.

विवाहानंतर त्यांनीं दुसरी मालिका केली: फुलाफुलांच्या चादरी, आणि तोंडाच्या जागीं कोठें इस्त्री, कोठें किसणी, कोठें चहाचा पेला. येथें इराण दूर राहत नाहीं. आपल्या घरीं चादर अंथरुणावरच असते खरी. पण स्वयंपाकघरांत वावरणाऱ्या माउलीचा चेहरा आपणांस दिसतो, कीं नुसती किसणीच?