दुरुस्त लाँचची चाचणी हा वेगळा खर्च धरा

कोकणात पर्यटकांचा ओघ वाढला तसा किनाऱ्यावरच्या आपल्या बांधवांत एक विचार वारंवार ऐकू येतो. जुनी सागवानी लाँच स्वस्तात घ्यावी, मिस्त्रीकडून दुरुस्त करून घ्यावी, नवे इंजिन बसवावे आणि मुंबई-पुण्याच्या कुटुंबांना खाडीची सैर घडवावी. विचार वाईट नाही. मी कापडाचा व्यापारी, समुद्राशी माझा संबंध सासुरवाडीपुरता. पण अशाच एका लाँचमध्ये माझा निम्मा पैसा आहे, आणि त्या तजुर्ब्यावरून आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंना काही सांगावेसे वाटते.

लाँच दाभोळच्या खाडीतली, सुमारे चाळीस फुटांची. रस्ते होण्यापूर्वी ती काठच्या गावांतून उतारू आणि माल नेत असे. नंतर दोन वर्षे काठावर ओंडक्यांच्या आधाराने उभी होती. 2024 च्या पावसाळ्यात माझ्या मेहुण्याने काम काढले. कुजलेल्या फळ्या बदलल्या, सांध्यांत नवा कापूस ठासला, जुने अवजड इंजिन काढून हलके, जलद फिरणारे डिझेल इंजिन बसवले आणि छतावर बारा माणसांची बैठक केली. खाली अठ्ठावीस, वर बारा, असा चाळीसचा हिशेब झाला. रंग दिल्यावर लाँच अशी खुलली की पाहणारा थांबून पाही. लाँच पाण्यात उतरण्यापूर्वीच मेहुण्याने नाताळच्या आठवड्याची आगाऊ रक्कम घेऊन ठेवली. आमची लाँच आणि ओळखीच्या दोन, अशा तीन लाँच एकत्र निघणार होत्या. मी चाचणीचे विचारले तर म्हणाला, "दुल्हेभाई, पहिल्या फेरीतच चाचणी होऊन जाईल."

हे बोलणे आमच्या कापडबाजारातले. ठाणातला तुकडा धुऊन न पाहता माल द्यायचा आणि रंग गेल्याची तक्रार आली तर पाहू म्हणायचे. पण कापडाचे पैसे परत करता येतात. त्या दिवशी घरात बरीच बोलाचाली झाली आणि मी भागीदार म्हणून अडून बसलो.

लाँच नोव्हेंबरमध्ये पाण्यात गेली. कोरडे लाकूड पाण्यात फुगेपर्यंत सांध्यांतून पाणी येणारच, हे मिस्त्रीचे म्हणणे खरे होते. प्रश्न एवढाच की पाणी किती येते आणि रोज कमी होते की नाही. आम्ही एका काठीवर खुणा करून दर तीन तासांनी तळातले पाणी मोजले आणि वहीत लिहिले. पहिल्या रात्री पंप वरचेवर लावावा लागला, चौथ्या दिवशी दोन बादल्यांवर भागले. चौथ्या दिवशीही तेवढेच पाणी येत असते तर ती फळीची किंवा सांध्याची खोट समजून लाँच पुन्हा वर घ्यावी लागली असती.

दुसरी गोष्ट शाफ्टची. इंजिन आणि पंख्याचा शाफ्ट एका रेषेत आहेत हे काठावर तपासले होते. पण लाकडी लाँच पाण्यात गेली की तिचा आकार किंचित बदलतो, म्हणून दोन-चार दिवस तरंगल्यावर कपलिंग सोडून रेष पुन्हा पाहावी लागते. आमची सरकलेली निघाली. तशीच चालवली असती तर थरथर वाढून आधी पॅकिंग आणि मग बेअरिंग गेले असते.

मग वजनाची चाचणी. एक माणूस सरासरी 75 किलो धरला तर चाळीस माणसांचे तीन टन होतात, म्हणजे 50 किलोच्या साठ गोणी रेती. गोणी माणसांच्या जागी रचल्या आणि लाँचच्या मधोमध ओळंबा टांगला. मग काठाजवळ, उथळ पाण्यात, पाच-पाच गोणी एका बाजूला सरकवून ओळंबा किती ढळतो ते पाहिले. खालच्या गोणी हलवल्या तेव्हा लाँच थोडी कलली आणि थांबली. छतावरच्या अठरा गोणी सरकवू लागलो तेव्हा निम्म्या होण्याआधीच ती इतकी कलली की नाखव्याने स्वतः हात वर करून थांबवले. कारण मागाहून कळले. जुने इंजिन जड होते, ते तळाशी बसून लाँचला धरून ठेवत होते. आम्ही तो भार पोटातून काढला आणि डोक्यावर माणसे बसवायला निघालो. केरळात थेक्कडीच्या जलाशयात 30 सप्टेंबर 2009 रोजी पर्यटकांची दुमजली बोट उलटून 45 जण गेले. तानूर येथे 7 मे 2023 रोजी मासेमारीच्या बोटीची पर्यटन बोट केलेली होती, क्षमतेहून अधिक माणसे घेऊन ती उलटली आणि 22 जण गेले. या बातम्या मी तेव्हा वर्तमानपत्रात वाचून पान उलटले होते.

छतावरची बैठक काढली. तळाशी लोखंडी वजने हलणार नाहीत अशी बांधून बसवली आणि मोजणी पुन्हा केली. चाळीसचे अठ्ठावीस झाले. दर फेरीला बारा तिकिटे कमी म्हणजे भांडवल फिटायला किती अधिक महिने लागतील, हा हिशेब मी त्याच रात्री मांडला. तो गोड नव्हता.

इंजिनाची चाचणी खाडीच्या शांत पाण्यात तीन वेळा उत्तम झाली. नाखवा म्हणाला, तोंडाबाहेर नेल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला गोपाळगडाच्या खालून लाँच बाहेर काढली, वर गोणी आणि पाच माणसे. लाटांवर अर्धा तास गेला आणि इंजिन गुरगुरून बंद पडले. डिझेलची टाकी जुनीच ठेवली होती, तिच्या तळाशी वर्षांचा गाळ होता. शांत पाण्यात तो बसून राहिला, लाटांनी ढवळून वर आला आणि फिल्टर तुंबले. नांगर टाकला. सोबतीच्या लाँचने ओढून आणले, आणि तेव्हा कळले की ओढायचा दोर बांधायची खुंटी नुसती पाटावर ठोकलेली आहे, खालच्या तुळईपर्यंत पोलादी बोल्ट गेलेलाच नाही. ती उखडायला आली होती. तीन लाँच एकत्र जाणार म्हटल्यावर ओढणे आणि ओढून घेणे या दोन्हींची चाचणी करावी लागते, हे आमच्या ध्यानीही नव्हते. वेगही सर्वांत मंद लाँचचा धरावा लागतो, आणि डिझेल जायला एक हिस्सा, यायला एक हिस्सा व राखीव एक हिस्सा असे. ते पाच जण पोहणारे होते. नाताळच्या फेरीत मुले असती.

टाकी साफ करण्यात दिवस गेले. तेवढ्यात 18 डिसेंबर 2024 रोजी मुंबई बंदरात नौदलाच्या वेगवान बोटीने 'नीलकमल' या प्रवासी बोटीला धडक दिली आणि 15 जण मृत्युमुखी पडले. नौदलाच्या बोटीच्या इंजिनाची चाचणी चालली होती. चाचणी करणे जितके जरुरी, तितकेच ती वर्दळीच्या वाटेपासून दूर करणे जरुरी. यानंतर मेहुण्याने नाताळची आगाऊ रक्कम सर्वांना परत केली. दोघांनी माघारी बरेच ऐकवले.

आता व्यवहाराचे. आपल्याकडे मिस्त्रीचा शेवटचा हप्ता चाचणीपर्यंत अडवून ठेवतात आणि चाचणीच्या दिवसांची मजुरी देत नाहीत. हे मला साफ चुकीचे वाटते. ज्याची रोजी अडकली आहे तो दोष सांगणार कसा? लाँच पास झाली की त्याचे पैसे सुटतात, म्हणून तो गप्प राहील. त्याची मजुरी आधी चुकती करावी, चाचणीच्या दिवसांची वेगळी द्यावी आणि त्याला लाँचवर बसवावे. आमच्या सुताराने खुंटीची खोट स्वतः दाखवली, कारण तो दोर ताणला तेव्हा तिथेच उभा होता आणि त्या दिवसाची मजुरी त्याच्या खिशात होती. भागीदारीच्या कागदातही लिहून ठेवावे की नाखव्याने वहीत सही केल्याशिवाय कोणताही भागीदार तिकीट विकणार नाही. दुरुस्तीच्या खर्चाचा दहावा हिस्सा मी आता चाचणीसाठी बाजूला काढायला सांगतो. आमचा त्याहून थोडा अधिक लागला. सर्व्हेचा दाखला, नोंदणी आणि विमा कायद्याने हवेतच, पण सर्व्हेअर एक दिवस येतो आणि जातो. इंजिन बदलले, बैठक वाढवली, हे त्याला आपण होऊन सांगावे.

जानेवारी 2025 मध्ये लाँच अठ्ठावीस माणसे घेऊन निघाली. मेहुणा अजून म्हणतो की वर निदान सहा माणसे बसतील. छताची शिडी मी दुकानाच्या माळ्यावर आणून ठेवली आहे.