साचा पाडण्याआधी



औसा-निलंग्याकडे शेतपंपाची वीज आळीपाळीने येत आली आहे. कधी दिवसा, कधी मध्यरात्री. मध्यरात्री आली की मोटार चालू करायला मालक क्वचितच उठतो. उठतो सालगडी. हातात बॅटरी, पायाखाली विंचूकाटा. आपल्या किती घरांनी हे सोसले, ते सांगायला नको. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेबांकडे केंद्राचे मजूर खाते होते आणि विजेचे नियोजनही त्याच खात्यात होते, हे इथे आठवते.

पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांना आपल्या आजोबांची मोटारीपर्यंतची पायपीट पाहवली नाही. त्यातून ‘नॅनो गणेश’ आले. स्टार्टरशेजारी मोबाइल जोडलेला डबा. घरून फोन लावायचा, ठरलेले आकडे दाबायचे, मोटार सुरू! २००९ साली नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळाले.

असा एखादा नमुना आपली पॉलिटेक्निकची मुलेही करतात. टेबलावर दिवा लागतो, टाळ्या पडतात. खरी परीक्षा पुढेच असते. शिवारात विजेचा दाब सारखा खाली-वर होतो. स्टार्टरच्या ठिणगीने आतला मोबाइलचा भाग बधिर होतो. मे महिन्यात पत्र्याची पेटी तापते. पावसाळ्यात मुंग्या आणि पाली घर करतात. म्हणून आधी चाळीस-पन्नास डबे शेतांवर लावायचे, बिघडलेले परत आणून उघडायचे, सर्किट सुधारायचे. मग प्लास्टिकच्या डब्याचा साचा. त्याचा खर्च लाखांच्या घरात जातो, म्हणून तो शेवटी. पुढे हजारोंनी डबे निघाले तरी प्रत्येक डबा तपासणीच्या फळीवर लावून, खरा फोन करूनच बाहेर सोडायचा. एवढे करूनही मोबाइलची जुनी सेवा बंद झाली की आतला भाग बदलणे आलेच!

पण ते चाळीस-पन्नास डबे द्यायचे कुणाकडे? बहुधा ते बागायतदाराच्या वाड्यावर जातात. फोन त्याच्याच हातात असतो, तो खूश होतो. माझे म्हणणे, एक पावसाळा आणि एक उन्हाळा ते सालगड्याच्या ताब्यात राहू द्या. तो पहिल्याच दिवशी विचारील, “मी मोटारीत हात घातलेला असताना घरून कुणी फोन लावला तर?”

म्हणजे मोटारीपाशीच फोन तोडणारा खटका हवा. त्यासाठी डब्याला एक भोक लागते. साचा पाडल्यावर ते सुचले, तर साचा पुन्हा नवा.