स्वयंपाकाला ओटा मिळतो, मग अभ्यासाला का नाही?

सध्या जिकडे बघावं तिकडे रिडेव्हलपमेंट सुरू आहे. सोसायटीच्या मीटिंगा होतात, बिल्डर रंगीत नकाशे दाखवतो आणि चर्चा दोनच गोष्टींवर अडते, कार्पेट किती आणि कॉर्पस किती. टाइल्स आणि नळ कुठल्या कंपनीचे यावरूनसुद्धा भांडणं होतात. पण "पोरं अभ्यासाला बसणार कुठे?" हे विचारणारा एखादाच निघतो.

घरं मोठी झाली, हे मान्य. मुंबईत झोपु योजनेत आधी २२५ चौरस फूट मिळायचे, मग २६९ झाले, आता ३०० मिळतात. बीडीडी चाळीतल्या १६० फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० फुटांचं घर मिळतंय. चांगलंच आहे. पण नव्या घरात शिरल्यावर काय दिसतं? स्वयंपाकाचा ओटा बांधून तयार. पोरगी मात्र पलंगावर पालथी पडून गणितं सोडवतेय. ओट्याशिवाय घर म्हणजे अपुरं घर, हे आपल्याला सांगावं लागत नाही. अभ्यासाच्या जागेबद्दल तसं कुणालाच का वाटत नाही?

आणि ही जागा काही फार मोठी लागत नाही. एक कोपरा पुरतो. लहान खोलीत भिंतीच्या मधोमध टेबल टाकलं की जायचा यायचा रस्ता अडतो. कोपरा तसाही रिकामाच असतो, नाहीतर तिथे जुनी रद्दी साठते. शिवाय तिथे दोन भिंती वजन पेलतात, त्यामुळे पायही कमी लागतात.

हिशेब सांगतो. प्लायची शीट ८ बाय ४ फुटांची येते. त्यातली अर्धी, म्हणजे ४ बाय ४ घ्या, जाडी १८ किंवा १९ एमएम. दीड फूट रुंदीच्या दोन पट्ट्या कापा, एक ४ फूट लांब, दुसरी अडीच फूट. काटकोनात जोडल्या की दोन्ही भिंतींना चार-चार फुटांचं टेबल तयार. वर जवळजवळ फूटभर रुंदीची पट्टी उरते, ती पुस्तकांच्या फळीला. दोन्ही भिंतींना लाकडी पट्ट्या स्क्रूने ठोकायच्या, जोडाखाली एक आडवी पट्टी आणि मोकळ्या दोन टोकांना एक-एक पाय. उंची २९-३० इंच ठेवा. मूल लहान असेल तर खुर्चीवर उशी आणि पायाखाली पाट. टेबल पुढची दहा वर्षं तेच राहतं.

दोन गोष्टी सांभाळा. आपल्या भिंती नव्वद अंशात असतीलच असं नाही. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फुटांवर, दुसरीवर ४ फुटांवर खूण करा. दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट भरलं तर काटकोन. नाही भरलं तर आधी पुठ्ठ्याचा साचा काढा, मगच प्लाय कापा. दुसरं म्हणजे ओल. पावसाळ्यात पार्टिकल बोर्ड फुगतो. प्लायवर आयएस ३०३ चा शिक्का आणि बीडब्ल्यूआर ग्रेड बघून घ्या, भिंत ओली होत असेल तर आयएस ७१०, आणि मागे अर्धा इंच फट सोडा. हाताला जमत नसेल तर सुताराला बोलवा. फक्त माप तुम्ही घ्या, कारण त्या कोपऱ्यात कोण बसणार आहे हे तुम्हालाच माहीत.

आता कुणी म्हणेल, स्वतःचं स्वतः करता येतंय तर बिल्डरच्या आणि सरकारच्या नावाने कशाला बोलायचं? कारण भाड्याच्या घरात भिंतीला खिळा मारला तरी मालक ओरडतो. कारण दोघंही बारा-बारा तास कामावर असणाऱ्या घरात रविवारी करवत हातात धरायला वेळ नसतो. आणि कारण घर बांधतानाच कोपऱ्यात कडप्प्याची एक फरशी बसवली, तिथे एक प्लग पॉइंट आणि वर दिव्याचा पॉइंट दिला, तर एकूण बांधकामाच्या खर्चात ते दिसणारसुद्धा नाही. नंतर तेच करायला भिंत फोडावी लागते.

महिन्याला पैसे भरून अभ्यासिकेत खुर्ची घेणारी हजारो मुलं पुण्यात आहेत. गल्लीत अभ्यासिका उघडली की तिच्यावर नगरसेवकाच्या नावाची पाटी लागते. अभ्यासिका हव्यातच. पण चौथीतली मुलगी रात्री नऊला अभ्यासिकेत जाणार आहे का?

तेव्हा पुढच्या मीटिंगला जाताना टेप घेऊन जा. नकाशावर पलंग, कपाट आणि फ्रीज काढायला लावा आणि मग विचारा, टेबल कुठे? उत्तर मिळालं नाही तर सही करायची घाई करू नका.

आणि ज्यांची घरं आधीच झालीत, त्यांनी या रविवारी कोपऱ्यातली रद्दी तेवढी हलवा. तुमच्याकडे मुलं कुठे बसून अभ्यास करतात, कमेंटमध्ये लिहा.