डावीकडची खिडकी

प्लेसमेंट आणि इंटर्नशिपचा सीझन आला की हॉस्टेलमध्ये नागपूर-हैदराबाद विमानाची चर्चा सुरू होते. तिकीट निघतं, चेक-इन होतं आणि सीटचं विचारलं की उत्तर ठरलेलं. "कुठलीही चालेल यार, तासाभराचं तर फ्लाइट आहे, झोपू!" मला हे अजिबात पटत नाही. लांबच्या प्रवासात पॅसेजची सीट घ्या, पाय मोकळे करा, काय हवं ते करा. पण या एका तासासाठी खिडकी सोडणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. आणि खिडकीसुद्धा डावीकडचीच हवी.

डावीकडचीच का? नकाशा उघडा. हैदराबाद नागपूरच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला आहे, म्हणजे डावा हात पूर्वेला. आपला चंद्रपूर जिल्हा त्याच बाजूला पडतो. टेक-ऑफनंतर थोड्याच वेळात वणी-घुग्घुसचा कोळशाचा पट्टा येतो, मधून वर्धा नदी वळणं घेत चाललेली. रस्त्यानं किंवा रेल्वेनं जाताना इथे खाण दिसतच नाही. दिसतात ते उपसलेल्या मातीचे डोंगर, खाण त्यांच्या मागे लपलेली. वरून मात्र तो खड्डा उघडा पडतो. पायऱ्यापायऱ्यांनी खाली गेलेला, तळाशी पाणी साचलेलं, आणि एका कडेला शेत अगदी काठापर्यंत आलेलं. ते शेत किती दिवस राहील, असा प्रश्न मनात येतोच.

पुढे जरा लांबवर चंद्रपूर. हवा स्वच्छ असेल तर वीज केंद्राचा धूर आधी दिसतो. 2920 मेगावॉटचं हे केंद्र. त्याला पाणी पुरवणारं इरई धरण शेजारीच चकाकतं, आणि धरणाला लागून ताडोबाचं जंगल. ताडोबा 1955 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, वीज केंद्र आलं 1980 च्या दशकात. 2022 मध्ये या केंद्राच्या आवारात वाघाच्या हल्ल्यात एक कामगार मेला. अशा वेळी पेपरात मथळा येतो, 'वाघ मानवी वस्तीत घुसला'. खिडकीतून बघितलं की कळतं, घुसायला मध्ये काही हद्दच नाहीये! खाण, चिमण्या, कॉलनी, पाणी, झाडं, सगळं एकमेकांना चिकटून. पर्यावरणाच्या पेपरसाठी आपण जे पाठ करतो ते इथे पाच मिनिटांत डोळ्यांसमोरून जातं. म्हणून माझा आग्रह, नुसत्या ढगांच्या फोटोंसाठी नाही.

आता थोडं टेक्निकल. सकाळच्या विमानात डावीकडून सूर्य समोर येतो. रंग फिके पडतात, पण नदी-तलाव चांदीसारखे चमकतात. दुपारनंतर सूर्य पाठीमागे जातो, तेव्हा काळी खाण आणि हिरवं रान स्पष्ट वेगळं दिसतं. मी दुपारचंच विमान सुचवेन. सीट पंखाच्या पुढची बघा. मागे बसलात तर पंख आडवा येतोच, शिवाय इंजिनाच्या गरम हवेमुळे खालचं चित्र थरथरतं. पावसाळ्यात ढग, मे महिन्यात धूसर हवा आणि सागाची पानं गळलेली. पाऊस संपल्यावरचे दिवस सगळ्यात बेस्ट. खिडकीसाठी काही कंपन्या जास्तीचे पैसे मागतात, मेसचं एक जेवण बुडालं समजा.

गडचिरोलीचं काय? ते या खिडकीतून फार तर क्षितिजावरची एक काळसर रेघ. त्या जिल्ह्यात प्रवासी विमान उतरत नाही. चंद्रपूरजवळ मोरव्याला धावपट्टी आहे, पण रोजचं प्रवासी विमान तिथूनही नाही. गडचिरोलीचं जंगल वरून बघायला मिळतं ते मंत्र्यांना, पोलिसांना आणि निवडणुकीच्या ड्युटीवरच्या शिक्षकांना. 2024 मध्येही दुर्गम केंद्रांवरची मतदान पथकं हेलिकॉप्टरनं गेली होती. म्हणजे ज्या रानाबद्दल मुंबई-नागपूरला बसून एवढं बोललं जातं, ते वरून सलग कसं दिसतं हे एखाद्या झेडपीच्या गुरुजींना जास्त ठाऊक! त्यांच्यापैकी कुणाला तरी आपल्या कॉलेजात बोलवायला हवं. गेस्ट लेक्चरला आपण नेहमी कंपनीचे एचआरच बोलावतो.

आणि हो, परतीच्या विमानात बाजू उलटी होते. तेव्हा उजवीकडची खिडकी मागा.