मोजणं आपलंही काम आहे

आमच्या समुपदेशन केंद्रात मानसशास्त्राच्या विद्यार्थिनी कामाचा अनुभव घ्यायला येतात. परवा त्यांतली एक वैतागून म्हणाली, ''ताई, मी मानसशास्त्र घेतलं ते माणसं समजून घ्यायला. हा संख्याशास्त्राचा पेपर कशाला? समोर रडणाऱ्या बाईचा आणि सरासरीचा काय संबंध?'' मला तिच्यावर रागावता आलं नाही. एम.एस.डब्ल्यू. करताना मीही हेच म्हणत होते. बाईचं दुःख आकड्यांत मावत नाही, असं आपणही बैठकांमधून म्हणतोच. ते खरं आहे. पण आपण मोजलं नाही तर दुसरे मोजतात, आणि त्यांचाच आकडा खरा ठरतो.

माझीच चूक सांगते. कामाला लागले तेव्हा एका वस्तीत आम्ही पाहणी केली. दारात उभं राहून विचारायचो, ''घरात मारहाण होते का?'' सासू शेजारी, नवरा खाटेवर. जवळजवळ सगळ्या जणी म्हणाल्या, ''नाही.'' आम्ही अहवालात तसंच लिहिलं. काही महिन्यांनी त्यांतलीच एक जण हात गळ्यात बांधून केंद्रावर आली. म्हणाली, ''तुम्ही आला होतात ना, तेव्हा ते घरातच होते.'' खोटं ती बोलली नव्हती. आमची विचारण्याची पद्धत खोटी होती.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हे प्रश्न निवडलेल्या घरातल्या एकाच बाईला, एकांतात विचारतात. एकांत मिळाला नाही तर विचारतच नाहीत. 'हिंसा होते का' असं मोघम न विचारता ढकललं का, थोबाडीत मारली का, हात पिरगाळला का, असं एकेक विचारतात. 2019-21 च्या पाहणीत 18 ते 49 वयाच्या, लग्न झालेल्या सुमारे 29 टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. खरा आकडा याहूनही मोठा असणार, कारण एकांतातही सगळ्या जणी बोलत नाहीत.

याच पाहणीत, हिंसा सोसलेल्यांपैकी फक्त 14 टक्के स्त्रियांनी कुणाची तरी मदत मागितली होती. यात माहेर, शेजारपाजारही आले. म्हणजे आपल्या नोंदवहीतल्या बाया या त्यांतल्याही थोड्या. नोंदवहीवरून 'अमुक जातीत जास्त मारतात' किंवा 'हिंसा वाढली' असं आपण सहज बोलून जातो. वाढल्या त्या नोंदी. कदाचित बायांचा विश्वास वाढला असेल, कदाचित केंद्राजवळ बस थांबायला लागली असेल. नमुना कसा आला हे विचारणं म्हणजे हेच.

आता सरासरी. 2019 च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरच्यांसाठीच्या बिनपगारी घरकामाला बायका दिवसाला 299 मिनिटं देतात आणि पुरुष 97, असं वर्तमानपत्रांतून आलं. दीड तास! ऐकून बरं वाटतं. पण ही सरासरी त्या दिवशी घरकाम केलेल्यांचीच आहे. असे पुरुष शंभरात जेमतेम 26. घरकामाला हात न लावणाऱ्यांनाही धरलं तर पुरुषांची सरासरी 25 मिनिटांवर येते, बायकांची 243 वर. आकडे दोन्ही खरे. भागलं कितींनी, हे विचारलं नाही तर आपण फसतो.

मानसशास्त्रही असं फसलेलं आहे. लॉरेन्स कोलबर्ग यांनी नैतिक विकासाच्या पायऱ्या मांडल्या, त्या मुळात केवळ मुलग्यांच्या अभ्यासावरून. कॅरल गिलिगन यांनी 1982 मध्ये आपल्या पुस्तकात त्यावर बोट ठेवलं. मुलग्यांवरून बनवलेल्या पट्टीने मुलींना मोजायचं आणि त्या कमी भरल्या म्हणायचं! हे पकडायला संशोधनपद्धती यावी लागते. नुसता संताप पुरत नाही.

म्हणून मैत्रिणींनो, माझी सूचना साधी आहे. प्रत्येक गटाने वर्षातून एक दिवस याचं शिबिर घ्यावं. कोणताही आकडा समोर आला की तीनच गोष्टी विचारायची सवय लावू या: कुणाला विचारलं, कसं विचारलं, भागलं कितींनी? आणि पाहणी आपण केली असेल तर निष्कर्ष त्याच वस्तीत, त्याच बायांसमोर आधी वाचून दाखवू या. चूक त्या सांगतील.

त्या विद्यार्थिनीला मी जुनी प्रश्नावली दिली आणि म्हटलं, ''यात कुठे चुकलो ते शोध.'' तासाभराने ती आली. पहिल्याच पानावर तिने लिहिलं होतं: ''विचारलं तेव्हा घरात आणखी कोण होतं?''

हा रकाना आमच्या फॉर्मवर नव्हता. तुमच्या फॉर्मवर आहे का?